पाण्याचा पत्ता

बावन्न मिनिटं. सगळा घोळ त्या बावन्न मिनिटांचा होता.

नेपाळ ‘पूर्व व्यापार संघा’तून बाहेर पडला तो २०४१ च्या एप्रिलात. संघ होता तोवर भारतातल्या बेलवा जंक्शनहून नेपाळातल्या सुनौऱ्याला जाणारी गाडी सरहद्दीवर थांबतच नसे. अडतीस किलोमीटरचं अंतर. हद्द कधी आली नि कधी गेली हे खिडकीतल्या माणसाला कळायचंही नाही. सकाळी सुनौऱ्याचे गवंडी, कॉलेजच्या मुली, इस्पितळात जाणारे रुग्ण, भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया बेलव्याला उतरायच्या आणि संध्याकाळी परत फिरायच्या. बसगाड्यांचंही तेच. आता करार संपला होता. सहा महिन्यांची मुदत होती. तीस सप्टेंबरनंतर प्रत्येक गाडी सरहद्दीवर थांबवून प्रत्येकाचे कागद तपासावे लागणार होते आणि एका गाडीला त्यासाठी किमान बावन्न मिनिटं लागणार होती. म्हणजे रोजच्या अकरा फेऱ्यांतल्या चारच उरणार होत्या.

हे गणित वृषाली निकमचं होतं. ती रेल्वेत वेळापत्रकं आखायची. वय सेहेचाळीस, एकटी, बोलायला मोजकी. बेलव्यासारख्या टोकाच्या गावी कोणी बदली मागून घेत नाही. वृषालीने घेतली होती, कारण पलीकडे सुनौऱ्यात तिचा दादा राहत होता.

हणमंत निकम तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यापायी कुठे कुठे जाऊन पोचली आहेत. गलाई म्हणजे जुने दागिने, सोनारांकडचा चुरा आटवायचा, तेजाब घालून त्यातलं तांबं-रुपं काढायचं आणि चोख सोनं वेगळं करायचं. हणमंत सोळाव्या वर्षी एका नातेवाइकाबरोबर सुनौऱ्याला आला आणि तिथलाच झाला. तिथल्याच विष्णुमायेशी त्याने लग्न केलं. गावाकडे आई वारली तेव्हा वृषाली चौदा वर्षांची होती. दादा येऊन तिला घेऊन गेला. वहिनीने तिच्या वेण्या घातल्या, शाळेत नाव घातलं, आणि ती तिला ‘नानी’ म्हणू लागली. नेपाळीत लहान मुलीला नानी म्हणतात. स्वतः विष्णुमाया तेव्हा विशीची होती.

पस्तीस-छत्तीस वर्षं तेजाबाच्या धुरात काढल्यावर दादाची मूत्रपिंडं गेली. गेली दोन वर्षं तो सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी सहा-चाळीसच्या गाडीने बेलव्याच्या इस्पितळात यायचा, चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसायचा, वृषालीच्या क्वार्टरवर जेवायचा आणि दुपारच्या गाडीने घरी जायचा. सुनौऱ्यात ती सोय नव्हती. डोंगरातल्या मोठ्या शहरात होती, पण तिथे पोचायलाच सहा तास लागत.

तेव्हा त्या बावन्न मिनिटांत वृषालीचं स्वतःचंही माणूस होतं.

*

दोन्ही बाजूंच्या बैठका बेलव्याच्या रेल्वे विश्रामगृहात होत. भारताकडून गाड्यांची बाजू वृषाली मांडायची, नेपाळकडून टीकाराम भट्टराई येत. साठीला टेकलेला, सौम्य बोलणारा गृहस्थ. ऑगस्टपर्यंत अकरा बैठका झाल्या होत्या आणि प्रत्येक बैठक एकाच जागी येऊन अडत होती.

“सरहद्दीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना मोकळं सोडायला आमची हरकत नाही, निकमजी,” भट्टराई म्हणाले. “पण तो माणूस खरंच पट्ट्यात राहतो हे कशावरून? राहण्याचे दाखले इथे चहाच्या टपरीवर मिळतात.”

बाराव्या बैठकीला डॉ. लतिका बोरा आल्या. गुवाहाटीच्या प्रयोगशाळेत त्यांनी एक यंत्र तयार केलं होतं. त्यांनी टेबलावर पाण्याचे दोन ग्लास ठेवले.

“एक बेलव्याचं, एक सुनौऱ्याचं. दिसायला सारखं. पण पाणी सगळं सारखं नसतं. त्यातले काही रेणू किंचित जड असतात, कारण त्यांच्यातला हायड्रोजन किंवा ऑक्सिजन जड जातीचा असतो. समुद्रावरून ढग निघतो तेव्हा त्यात दोन्ही असतात. वाटेत पाऊस पडतो तेव्हा जड पाणी आधी गळून जातं. हलकं पाणी वर चढत जातं आणि हिमालयावर बर्फ होऊन पडतं. सुनौरा गेली सहा वर्षं डोंगरातून आणलेल्या कालव्याचं पाणी पितं. ते बर्फाचं, हलकं. बेलवा कूपनलिकांचं पितं. ते मैदानातल्या पावसाचं, जड. गावं अडतीस किलोमीटरवर आहेत, पण पाण्याच्या दृष्टीने त्यांच्यात अख्खा हिमालय आहे.”

“आणि माणूस?” भट्टराईंनी विचारलं.

“माणूस म्हणजे बहुतांशी पाणीच. रोज थोडं आत येतं, थोडं बाहेर जातं. दहा-बारा दिवसांत निम्मं बदलतं. श्वासाबरोबर जी वाफ बाहेर पडते तिच्यात ते सगळं लिहिलेलं असतं. नळीत फुंकर मारायची, आत लेझरचा किरण असतो, चार सेकंदांत कळतं की हा माणूस गेले काही आठवडे कुठलं पाणी पितोय. कागद खोटे करता येतात. हे खोटं करायचं तर तिथे जाऊन राहावंच लागेल.”

भट्टराई पहिल्यांदाच पुढे सरकून बसले. चढताना फलाटावर फुंकर मारायची, हिरवा दिवा लागला की गाडीत बसायचं, गाडीला सरहद्दीवर थांबायचं कारणच उरत नाही. वृषालीने त्याच दुपारी कच्चं वेळापत्रक काढलं. अकराच्या अकरा फेऱ्या बसल्या.

सहा आठवडे चाचण्या झाल्या. अहवाल आला तेव्हा मुदत संपायला चार दिवस होते. यंत्र हजारात नऊशे अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर ठरलं होतं. एकशे बाराव्या पानावर तळटीप होती: ‘नियमित वैद्यकीय उपचार घेणारे ४१ स्वयंसेवक नमुन्यातून वगळले.’ वृषालीने ती वाचली. का वगळले, असा प्रश्न तिच्या मनात आलाही. पण विचारलं असतं तर उत्तराला आठवडा लागला असता, आणि आठवडा नव्हता. तिने पान उलटलं आणि शेवटी सही केली.

एक ऑक्टोबरला पहिली गाडी न थांबता हद्द ओलांडून गेली. फलाटावरच्या यंत्राला लोकांनी लगेच फुंकणी नाव दिलं. दादाने फुंकर मारली, दिवा हिरवा लागला. तो मुद्दाम वृषालीच्या कचेरीत येऊन सांगून गेला, “आगं, चुलीफुडं बसल्यागत वाटलं बग.”

त्या दिवशी ती फार दिवसांनी हसली.

*

पट्ट्यातल्या रहिवाशांना जो परवाना दिला होता त्याचा नियम साधा होता. नव्या परवान्याला पहिले तीन आठवडे सवलत, दिवा मध्यम खुणेपर्यंत चालायचा. त्यानंतर खूण कडक. लागोपाठ तीनदा तांबडा लागला की परवाना बंद.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी दादाचा फोन आला. तो बेलव्याच्या फलाटावर होता.

“वृषाली, ही फुंकणी म्हणती मी सुनौऱ्यात राहतच न्हाई. तिसऱ्या बारीला तांबडा लागला. तो पोलीस म्हणतोय, मागं दोनदा नोंद करून सोडलं, आता जाता येणार न्हाई.”

“काहीतरी बिघडलं असेल. तू थांब, मी आले.”

काही बिघडलेलं नव्हतं. वृषालीने डॉ. बोरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. बोरांनी आधी एकच विचारलं.

“डायलिसिस कुठे करतात ते?”

“इथे. बेलव्यात.”

“निकमबाई, डायलिसिसमध्ये रक्त एका पातळ पडद्याच्या एका बाजूने वाहतं आणि दुसऱ्या बाजूने शुद्ध केलेलं पाणी. एका वेळेला सव्वाशे लिटरच्या आसपास. घाण पडद्यातून बाहेर जाते. पण पाणीही इकडचं तिकडे होतंच. माणसाच्या अंगात चाळीस लिटर पाणी. चार तासांत त्यातलं बरंचसं बेलव्याचं होऊन जातं. आठवड्यातून तीनदा. ते घरी जाऊन कितीही कालव्याचं पाणी प्यायले तरी...” त्या थांबल्या. “आणि त्यांना जास्त पिताही येत नसेल.”

“म्हणून ते एकेचाळीस वगळले होते?”

“त्यांचे आकडे जुळत नव्हते. कारण शोधायला वेळ मागितला होता आम्ही. मग मुदत आली. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

परवाना बंद झाला की सुनौऱ्याच्या नगरपालिकेला आपोआप सूचना जायची. हणमंत निकम हा भारतीय नागरिक, अडतीस वर्षं नेपाळात राहण्याच्या परवानगीवर. तो तिथे राहतच नाही असं यंत्र म्हणतं, म्हणून त्याची परवानगी तपासणीखाली गेली. निर्णय होईपर्यंत त्याला रस्त्यानेही आत जाता येणार नव्हतं. जे रुग्ण नेपाळी होते त्यांचा निदान रस्ता उरला होता. सरहद्दीच्या नाक्यावर पाच तासांची रांग, जाताना आणि येतानाही.

*

सोमवारी वृषाली इस्पितळात दादाच्या खुर्चीशेजारी बसली. नळ्यांतून रक्त जात होतं, येत होतं. यंत्रामागे पाण्याचा जाड पाइप भिंतीतून आत आला होता. दोन वर्षं ती इथे येत होती आणि त्या पाइपाकडे तिने कधी बघितलं नव्हतं.

“दादा, मला एक सांगायचंय.” आणि तिने एकशे बारावं पान सांगितलं.

हणमंतने ऐकून घेतलं. “त्यात माझं नाव हुतं का?”

“नाही. नुसता आकडा होता.”

“मग?”

“मी विचारायला हवं होतं.”

त्याने नळी लागलेला हात नीट ठेवला. मग म्हणाला, “मुशीत सोनं आटवलं की वर कीट येतंय. नवा कारागीर ते काढतो आन टाकून देतो. त्यात बी सोनं असतंय थोडं. आमचा म्हातारा वस्ताद कीट कधी टाकू द्यायचा न्हाई, परत आटवायला लावायचा.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “पर तुला घाई हुती. मला ठावं हाय.”

त्याने हे मायेने म्हटलं, म्हणून ते जास्त लागलं.

“मी स्थगिती मागते,” ती म्हणाली. “करारात कलम आहे. यंत्र बंद करून पुन्हा कागद तपासायचे. मला तेवढा अधिकार आहे.”

“भट्टराईसायब काय म्हणतो?”

“ते म्हणतात, एकदा थांबलेली गाडी पुन्हा सुरू होणार नाही. त्यांच्याकडे गाडी बंदच करा म्हणणारे बरेच आहेत. त्यापेक्षा रुग्णांसाठी वेगळी सवलत मागू, पण त्याला चार-पाच महिने लागतील. नुसती डॉक्टरांची यादी कोणी मानणार नाही. खोटे रुग्ण घुसतील म्हणतात.”

“रोजची माणसं किती येत्यात?”

“नऊ हजार.”

हणमंतने डोळे मिटले. “माझ्या डब्यात एक पोरगी असती, नर्सिंग शिकायला येती. सारा वेळ पुस्तकात. आन त्या भाजीवाल्या बाया. न्हाई वृषाली. गाडी थांबवायची न्हाई. चार-पाच महिने काय, मी तुझ्याकडं राहीन की.”

त्या संध्याकाळी तिने लिहून ठेवलेला स्थगितीचा अर्ज पाठवला नाही. दादाने सांगितलं म्हणून, असं तिने स्वतःला समजावलं. पुढे तिला ते पटेनासं झालं.

*

हणमंत क्वार्टरवर राहायला आला. वहिनीची आई नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून विष्णुमायेला येता येत नव्हतं. ती रविवारी यायची, शेजारणीला आईपाशी बसवून. सकाळच्या गाडीने यायची, दोघं ओट्यावर उन्हात बसायची आणि नेपाळीत हळू बोलायची. तीन वाजले की ती उठायची. हणमंत फाटकापर्यंत जायचा. स्टेशनपर्यंत जायला त्याला बंदी नव्हती, पण तो जात नसे.

वृषाली सवलतीच्या मागे लागली. इस्पितळातून तिने यादी काढली. सुनौऱ्याकडून डायलिसिसला येणारे त्रेसष्ट जण होते. डिसेंबरपर्यंत त्यातले सात जण यायचे थांबले. कुठे गेले, इस्पितळाला माहीत नव्हतं. वृषालीने ती सात नावं डायरीत लिहून घेतली आणि भट्टराईंना कळवली. त्यांनी तपास करून एका ओळीचं उत्तर पाठवलं: तिघे वारले, चौघांचा पत्ता नाही.

“ही नावं मी मंत्रालयात वाचून दाखवली,” ते फोनवर म्हणाले. “सगळे गप्प होते. पण गप्प बसून फाइल हलत नाही.”

जानेवारीत वहिनीची आई पलंगावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. विष्णुमायेचं रविवारचं येणं बंद झालं. भाजीवाल्या बायांबरोबर ती डबा पाठवायची, कधी गुंद्रुकाची आंबवलेली भाजी, कधी लोणचं. एक दिवस बायांनी पाण्याचे दोन कॅन आणून ठेवले.

“हे कशाला?” वृषालीने विचारलं.

“हितल्या पाण्याला चवच न्हाई,” हणमंत म्हणाला. “घोटभर पितो आपला.”

तिला ते साधं वाटलं. घर आठवणाऱ्या माणसाला घरचं पाणी आठवणारच.

फेब्रुवारीत दिल्लीला संयुक्त समितीची बैठक लागली. वृषाली दहा दिवसांसाठी गेली. जाताना तिने दादाच्या डायलिसिसच्या तारखा भिंतीवर चिकटवल्या. “चुकवू नकोस.”

“चुकवतोय कशाला. जा तू.”

बैठकीत यंत्राच्या कंपनीचे लोक, दोन्ही देशांचे अधिकारी, डॉ. बोरा, सगळे होते. डॉ. बोरांनी तोडगा आणला होता: डायलिसिसच्या रुग्णाच्या केसात गेल्या काही महिन्यांच्या खाण्याची खूण उरते, त्यावरून तो कुठे राहतो ते ठरवता येईल. बोलणी नऊ दिवस चालली. शेवटी शुक्रवारी दुपारी मंजुरी मिळाली. एक एप्रिलपासून लागू.

वृषालीने बाहेर येऊन लगेच फोन केला. “दादा, झालं. एक एप्रिलपासून तू घरी.”

“बरं झालं,” तो म्हणाला. त्याचा आवाज दमलेला होता. “त्या बाकीच्यांचं बी झालं का?”

“सगळ्यांचं.”

“बरं झालं,” तो पुन्हा म्हणाला. मग थोड्या वेळाने, “एक एप्रिल. लांब हाय अजून.”

“पाच आठवडे. गेले म्हणून समज.”

तो हो म्हणाला. तिने फोन ठेवला आणि रविवारचं तिकीट काढलं.

*

पुढचं तिला बबन सूर्यवंशीने सांगितलं. बबन आटपाडीचा, बेलव्याच्या सराफ गल्लीत त्याची गलाईची भट्टी होती.

“ताई, तुमी गेल्यापास्नं ते रोज माझ्याकडं येत हुते. भट्टीपाशी बसायचे, चार-चार तास. घाम नुसता धारंनं. म्हणायचे, गार वाजतंय. आन संगं ते कॅन. दिवसभर प्यायचे. मी म्हनलं, आण्णा, तुमाला पाणी वर्ज हाय ना? तर म्हणाले, पितो तेवढं घामावाटं काढतो, हिशेब बरोबर हाय.”

हणमंतने इस्पितळात सांगितलं होतं, गावाकडे लग्न आहे, दहा दिवस विट्याला चाललोय, तिकडे डायलिसिस करून घेईन. मग दहा दिवस त्याने बेलव्याच्या पाण्याचा थेंब घेतला नाही. सुनौऱ्याचं पाणी प्यायचं, भट्टीपुढे बसून घाम काढायचा, पुन्हा प्यायचं. अंगातलं बेलव्याचं पाणी त्याने असं वाटी-वाटीने बाहेर काढलं. बंद परवाना पुन्हा उघडायचाही नियम होता, वृषालीनेच लिहिलेला: तीन दिवस लागोपाठ स्टेशनावर फुंकर मारून हिरवा दिवा दाखवायचा. गुरुवारी हिरवा लागला, शुक्रवारी हिरवा लागला. शनिवारी सकाळी तिसऱ्यांदा लागला, आणि परवान्याबरोबर नगरपालिकेतली तपासणीही आपोआप मिटली. तो त्याच गाडीने घरी गेला.

घाम काढून पाणी निघतं. तेजाबाने सोन्यातलं तांबं निघतं. पण मूत्रपिंडांचं काम त्याहून बारीक असतं. रक्तातलं पोटॅशियम घामाने जात नाही. ते दहा दिवस साचत राहिलं, आणि फार साचलं की ते हृदय बंद पाडतं.

शनिवारी तो दारात उभा राहिला तेव्हा विष्णुमायेला वाटलं, सवलत मिळाली. त्यानेही तसंच सांगितलं. त्याचे पाय जड पडत होते, पण तो आनंदात होता. सासूच्या पलंगाशी बसला, तिला भात भरवला. रविवारी त्याने भट्टीची खोली उघडून झाडली. सोमवारी सहा-चाळीसची गाडी पकडून तो डायलिसिसला जाणार होता. पाच वाजता उठला, अंघोळ केली, बूट घालायला पायरीवर बसला. विष्णुमाया चहा घेऊन आली तेव्हा तो खांबाला टेकून बसला होता. तिने दोनदा हाक मारली.

तेव्हा वृषालीची गाडी बेलव्याच्या अलीकडे तीन स्टेशनांवर होती. तिच्याजवळच्या पिशवीत दादासाठी घेतलेली लोकरीची टोपी होती. क्वार्टरला कुलूप होतं. किल्ली शेजारच्यांकडे होती आणि तिच्याबरोबर चिठ्ठी: ‘घरी जाऊन येतो. सोमवारी इस्पितळात भेटू. रागावू नको.’

*

तेरा दिवस वृषाली सुनौऱ्यात राहिली.

घरात माणसांची ये-जा असायची तोवर दोघी कामात असायच्या. बाराव्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं. म्हातारी झोपली होती. विष्णुमाया तांदूळ निवडत होती. तीस वर्षांनंतरही तिचं मराठी मोडकंच राहिलं होतं, पण वृषालीशी ती तेच बोलायची.

“नानी,” ती म्हणाली, “डॉक्टर सांगितला, पाणी पिऊन झालं. खरं?”

“पाण्याने नाही वहिनी. डायलिसिस केलं नाही म्हणून.”

“पण पाणी मी पाठवली. तो मागितला, एक कॅन. मी दोन पाठवली. मला बरं वाटत होतं पाठवताना.”

वृषाली तिच्याजवळ सरकून बसली. मग तिने वहिनीलाही सगळं सांगितलं. एकशे बारावं पान, लिहून न पाठवलेला अर्ज, परवाना पुन्हा उघडायचा तो नियम. कुठेही आडपडदा ठेवला नाही. सांगून झालं तरी विष्णुमाया तांदूळच निवडत होती. बोटं मात्र थांबत थांबत चालत होती.

“त्याला माहीत होतं? तू वाचलेलं पान?”

“हो. मी सांगितलं होतं.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, तुला घाई होती.”

विष्णुमायेने सूप खाली ठेवलं. “तो असंच बोलणार,” ती म्हणाली. “मला नाही बोलता येत तसं. आता नाही. पुढे बघू.” आणि ती उठून म्हाताऱ्या आईची कूस बदलायला आत गेली. वृषाली मागोमाग गेली. दोघींनी मिळून चादर धरली आणि म्हातारीला हळूच वळवलं. 

चौदाव्या दिवशी सकाळी वृषाली सहा-चाळीसच्या गाडीसाठी सुनौरा स्टेशनावर आली. वहिनी दारापर्यंत आली होती. ‘जा’ म्हणाली होती. ‘ये’ म्हणाली नव्हती.

वृषालीने फुंकर मारली. तांबडा दिवा लागला. फलाटावरच्या शिपायाने तिचा परवाना पाहिला आणि तो गडबडला. “मॅडम, तुम्ही? दोन आठवडे इथलं पाणी प्यायलात ना, म्हणून. एकदाच लागलाय, परवाना बंद नाही होत. पण या गाडीत नियमाने... जाऊ द्या, बसा तुम्ही. मी नोंदवत नाही.”

“नोंदवा,” ती म्हणाली. तो काही बोलायच्या आत ती फलाटावरून बाहेर पडली.

रस्त्याचा नाका तिने नकाशावर शेकडो वेळा पाहिला होता. प्रत्यक्षात पहिल्यांदाच पाहिला. पत्र्याच्या छपराखाली बेलव्याकडे जाणाऱ्यांची रांग होती, वळून वळून शेताच्या बांधापर्यंत गेलेली. ती शेवटी जाऊन उभी राहिली. पुढे एक बाई होती, आणि तिच्याजवळ घोंगडीवर बसलेला तिचा नवरा. त्याच्या पायांना सूज होती. डाव्या हाताची शीर कोपरापाशी दोरखंडासारखी फुगलेली होती. दादाच्या हाताची होती तशी.

“पहिल्यांदाच आलात या रांगेत?” बाईने विचारलं.

“हो.”

“मग बसून घ्या. पाच तास उभं राहून निभत नाही.” तिने घोंगडीचं टोक मोकळं करून दिलं.

वृषाली बसली. “हे आठवड्यातून किती वेळा येतात?” तिने विचारलं.

“यायला हवं तीनदा. येतो एकदा.”

“एक एप्रिलपासून गाडीने जाता येईल यांना.”

बाईने तिच्याकडे नीट पाहिलं, हे हिला कसं माहीत असं काहीसं. मग नवऱ्याकडे पाहिलं. तो डोळे मिटून बसला होता, तोंडाने श्वास घेत. एक एप्रिलला अजून अठरा दिवस होते. बाईने पदराने त्याचं कपाळ पुसलं.

साडेआठची गाडी शेतांपलीकडच्या पुलावरून न थांबता गेली. रांगेतल्या कोणी मान वर केली नाही. वृषालीने सवयीने घड्याळ पाहिलं. गाडी अगदी वेळेवर होती.